वर्मावर बोट

पाठदुखीला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. पाठ दुखते म्हटलं की माणूस कष्टाळू ठरतो. गुडघेदुखीला वयाचा मान मिळतो, लग्नात पंगतीऐवजी खुर्ची मिळते. डोकेदुखीत तर अख्ख्या घराचा टीव्ही बंद करण्याची ताकद आहे. खांदेदुखीला यातलं काहीच नाही. ज्याचा खांदा धरलाय तो माणूस लांबून ठणठणीत दिसतो. चालतो, जेवतो, मतदान करतो. फक्त त्याला मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, आणि ही गोष्ट नेमकी हॉटेलचं बिल आल्यावर उघड होत असल्यामुळे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी पंचाईत म्हणजे या दुखण्याला कथानक नसतं. 'कसं झालं हो?' या प्रश्नाला काहीतरी उत्तर लागतं. फ्रोझन शोल्डर जडायला पडावं लागत नाही, काही उचलावं लागत नाही, मारामारी तर नाहीच. चाळिशी ते साठीच्या मध्ये कुठेतरी असणं पुरतं. बायकांना जरा जास्त, मधुमेह असलेल्यांना बरंच जास्त. सांध्याभोवतीचं आवरण आपलं आपण जाड होतं, आकसतं आणि हात ठरावीक उंचीच्या वर जायला नकार देतो. आधी काही महिने नुसतं दुखतं, मग दुखणं उतरून खांदा आखडतो, मग कधीतरी सुटायला लागतो. हा कारभार वर्ष-दोन वर्षं चालतो, कुणाकुणाचा तीन. एवढा काळ सहानुभूती टिकवून धरणं कुठल्याही कुटुंबाला परवडणारं नाही. आमच्याकडे ती गणपतीत सुरू झाली आणि घटस्थापनेच्या आत संपली.

सहानुभूती संपते तिथे सल्ला सुरू होतो. महाराष्ट्रात वैद्यकीय ज्ञान ही गुप्त ठेवायची गोष्ट कधीच नव्हती. निर्गुंडीचा पाला बांधा. तव्यावर वाळू तापवून पुरचुंडीने शेका. तिळाच्या तेलात लसूण कढवा. कापूर घाला. कापूर अजिबात घालू नका. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात माझ्यावर तीन वेगवेगळे उपचार सुचवले गेले आहेत, आणि सुचवणाऱ्यांपैकी एक जण वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेला होता.

रीतसर इलाज म्हणून फिजिओथेरपी सुरू केली. बाई हुशार, मनमिळाऊ, समजावून सांगणाऱ्या. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढत जायचं, टेबलाला टेकून हात लोंबता सोडायचा आणि गोल फिरवायचा, टॉवेल पाठीमागे धरून ओढायचा. सगळं दाखवून त्या शेवटी म्हणाल्या, "जमेल तेवढं करा." मराठी माणसाला हे वाक्य कधी सांगू नये. त्याला काय जमतं आणि काय जमत नाही याची त्याच्याकडे तयार यादी असते. पहिल्या दिवशी मी भिंतीवर खुणा केल्या. नंतर पाऊस होता, नंतर पाहुणे होते, नंतर भिंतीला रंग द्यायचा होता.

अशा वेळी नागरकोईलहून साडूंचा फोन आला. साडू बँकेत. बँकवाल्यांच्या बदल्या कोण करतं हे एक गूढच आहे. नगरचा माणूस थेट कन्याकुमारी जिल्ह्यात टाकला होता. "अहो, तुम्ही इकडे या," साडू म्हणाले. "इथे एक आसान आहेत. बोट लावतात. बास, बोट!"

आसान म्हणजे गुरुजी, वस्ताद. आणि बोट लावण्याच्या या विद्येचं नाव वर्मम. तमिळ मुलखातलं सिद्ध वैद्यक अठरा सिद्धांकडून आलं असं मानतात, त्यांत पहिला मान अगस्त्य मुनींचा. वर्मम ही त्याच वैद्यकाची एक शाखा, आणि तिचं माहेर तमिळनाडूचं दक्षिण टोक. शरीरात काही जागा अशा आहेत की तिथे प्राणाचा वावर असतो, असं ही विद्या सांगते. बहुतेक ग्रंथ अशा १०८ जागा मोजतात. त्यातल्या ९६ 'तोडु वर्मम' आणि उरलेल्या १२ 'पडु वर्मम'. आपल्या सुश्रुतांनी मर्मं मोजली ती १०७. एका मर्माचा हा फरक कुणी कुठे दाबलं असता भरून निघेल यावर दोन्हीकडच्या विद्वानांना निवांत बसवायला हरकत नाही. तोडु वर्ममला धक्का लागला तर माणूस दुखावतो, आणि त्याला पूर्ववत आणता येतं. पडु वर्ममच्या बाबतीत मात्र ग्रंथकार फार आशा दाखवत नाहीत.

ही विद्या मुळात लढणाऱ्यांच्या हातातली. लाठीचा सिलंबम आणि हातापायांचा अडिमुरै शिकवणारे जे आसान, तेच वर्ममही जाणणार. कुठे मारलं की समोरचा आडवा होतो हे ज्याला माहीत, त्यालाच आडवा झालेला उभा कसा करायचा हेही माहीत. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमीत हीच रीत होती. वस्ताद पोराला चितपट करायला शिकवी आणि निखळलेला सांधा बसवायलाही वस्तादच लागे. फरक एवढाच की वस्तादाने ही विद्या श्लोकबद्ध केली नाही. तमिळ आसानांनी ती ताडपत्रांवर पद्यात लिहिली, आणि ती पद्यंही अशी की वाचणाऱ्याला अर्थ लागला तरी जागा सापडू नये. रागीट माणसाला शिकवू नये, उतावळ्याला शिकवू नये, गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहिल्याशिवाय तर कुणालाच शिकवू नये. लिफ्टमध्ये तीन औषधं सांगणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाला ही शिस्त पचणं कठीण आहे.

माझ्या पिढीचं वर्ममचं शिक्षण मात्र ताडपत्रावर झालेलं नाही. ते १९९६ साली 'हिंदुस्तानी' सिनेमात झालं. म्हातारा स्वातंत्र्यसैनिक झालेला कमल हासन दोन बोटं विशिष्ट तऱ्हेने वळवतो, लाचखोर अधिकाऱ्याला टोचतो आणि अधिकारी जागच्या जागी लुळा पडतो. थिएटरात टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या, तेव्हा दोन्ही हात वर जात होते. आता त्याच बोटांखाली स्वतःची मान द्यायची म्हटल्यावर तो प्रसंग वेगळ्या बाजूने दिसायला लागला. साडू तर कर्जविभागात. आसानांचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप सौम्य व्हायचा.

कन्याकुमारीहून नागरकोईलला जाताना वाटेत मरुंदुवाळ मलै नावाचा डोंगर लागतो. मारुती द्रोणागिरी घेऊन लंकेकडे चालला असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी कथा आहे. मारुती घाईत होता, सांडलेलं औषध गोळा करायला थांबला नाही. ते काम इथल्या वैद्यांनी पिढ्यानपिढ्या निष्ठेने केलेलं आहे. रस्त्याच्या कडेने चालत गेलं तर केळीवाल्याशेजारी वैद्यशाळा आणि वैद्यशाळेशेजारी केळीवाला दिसतो.

आसानांचं घर कौलारू. पडवीत एक बाक, भिंतीवर बुटक्या, दाढीवाल्या अगस्त्यांचं चित्र, कोपऱ्यात लाठी. ती लाठी उपचाराचा भाग आहे की नाही, हे कुणी सांगत नव्हतं आणि मीही विचारलं नाही. बाकावर एक रबराच्या झाडांना चिरा पाडणारा कामगार, एक बसचालक आणि पाय मुरगळलेली शाळकरी मुलगी. तिघंही गप्प. आपल्याकडे दवाखान्याच्या बाकावर अर्ध्या तासात चार शस्त्रक्रियांचं वर्णन ऐकायला मिळतं. इथे कुणी कुणाला 'तुम्हाला काय होतंय?' असं विचारलंसुद्धा नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आसान म्हणजे धिप्पाड पैलवान असणार, अशी माझी कल्पना. निघाले ते सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, पांढऱ्या मुंडूतले गृहस्थ. दुभाष्या म्हणून त्यांचा भाचा होता. तो धारावीत, नव्वद फुटी रोडला वाढलेला. तिरुनेलवेली आणि आसपासच्या मुलखातून धारावीत गेलेल्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, त्यामुळे त्याचं मराठी माझ्यापेक्षा चपळ होतं. "काका, बसा. टेन्शन नका घेऊ. ते बघतील आधी."

सिद्ध वैद्यकात बघण्याचे आठ प्रकार आहेत. नाडी, स्पर्श, जीभ, वर्ण, वाणी, डोळे, मल आणि मूत्र. यातल्या शेवटच्या परीक्षेत मूत्रावर तिळाच्या तेलाचा थेंब सोडतात. तो सापासारखा लांबला तर वात, कड्यासारखा पसरला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. निदान एवढं देखणं असू शकतं हे आपल्या पॅथॉलॉजी लॅबना सांगायला हवं. त्यांच्या अहवालात नुसते आकडे असतात, साप नाही की मोती नाही. माझ्यावर ही वेळ आली नाही. आसानांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग एक दोरा घेऊन माझ्या मनगटाच्या जरा वरचा घेर मोजला आणि तो दोरा माझ्याच बोटांच्या रुंदीवर लावून पाहिला. घेर किती बोटं भरतो यावरून प्रकृती आणि रोग सांगायची ही पद्धत सिद्ध ग्रंथांत आहे. किती भरला ते त्यांनी मला सांगितलं नाही. साडूंना वाटलं, पट्टा शिवून देणार आहेत.

मी तयारीने गेलो होतो. फाइल होती, फाइलमध्ये एक्स-रे होता, रक्ताचे अहवाल होते, आणि दुखणं कसकसं वाढत गेलं याचं टिपण मी सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं. माणसाने डॉक्टरला मदत करावी, या मताचा मी आहे. डॉक्टर या मताचे नसतात. मी सांगायला सुरुवात केली, "त्याचं असं झालं, एक्स-रेमध्ये..." आणि एवढ्यात आसानांचं मधलं बोट माझ्या मानेच्या नि खांद्याच्या मधोमध टेकलं. फार जोरात नाही. पण ते वाक्य तिथेच राहिलं, ते अजून पुरं झालेलं नाही.

"काकट्टै कालम," भाचा म्हणाला. त्या जागेचं नाव.

नंतर कोमट तेल आलं. वर्म तैलम, त्यात कायकाय असतं याला इथे कुणी उत्तर देत नाही. मग दंडाच्या वरच्या अंगाला कैपुज वर्मम, मनगटाशी मणिबंध वर्मम, मग चक्क तळहात. दुखतं खांद्यात आणि दाबतात तळहात, हे पाहून मी भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काका, वायरिंग आहे. बटन इथे, बल्ब तिकडे." दाबही अंदाजपंचे नसतो. त्याचं माप मात्रेत असतं. पाव मात्रा, अर्धी, पाऊण, पूर्ण. कुठल्या बोटाने, किती मात्रा, किती वेळ, सगळं ठरलेलं. त्याच जागी मापाबाहेरचा आघात झाला तर माणूस कोसळतो आणि मापात दाब दिला तर सुटतो, असं भाच्याने उत्साहाने सांगितलं. ही माहिती उपचार संपल्यावर दिली असती तरी चाललं असतं.

सिद्ध पद्धतीत मर्दनाचेही नऊ प्रकार आहेत. थोपटणं, आवळणं, धरणं, पिळणं, हातांनी बांधून धरणं, दाबणं, ओढणं, उताणं करणं आणि हलवणं. ही यादी मी पुढे वाचली. त्या वेळी मला ती एकामागून एक कळत गेली. गावच्या विहिरीवरचा गंजलेला रहाट पहिल्यांदा फिरताना जसा ओरडतो तसा आवाज खांद्यातून आला, की माझ्याच तोंडून आला, यावर साडूंचं आणि माझं अजून एकमत नाही. "हात ढिला सोडा काका," भाचा म्हणाला. "तुम्हीच धरून ठेवलाय. आता दोघांनी कशाला धरायचा?"

यानंतर हात वर गेला. पूर्ण नाही, पण कानापर्यंत. साडूंनी टाळ्या वाजवल्या.

आता यातलं श्रेय वाटायचं कसं? माझा स्वभाव हिशेबी आहे. कोमट तेलाने चोळलं, हळूहळू ताणलं तर आखडलेला स्नायू सैलावतोच, त्याला अगस्त्यांची साक्ष लागत नाही. शिवाय फ्रोझन शोल्डर आपला आपण सुटणारा आजार आहे. सुटायच्या सुमाराला तुम्ही ज्याच्या दारात असाल तो तुमचा धन्वंतरी. वर्ममवर छोटे अभ्यास झालेले आहेत, मोठ्या आणि कसून तुलना केलेल्या चाचण्या फारशा नाहीत. प्राण नेमका त्या १०८ जागांतून फिरतो हे मला पटलेलं नाही, आणि आसानांना मी ते सांगितलंही नाही, कारण त्यांचं बोट तेव्हा तिथेच होतं. एक मात्र निक्षून सांगतो. डावा खांदा अचानक दुखायला लागला, सोबत घाम आणि छातीत दडपण असेल, तर आसान, फिजिओ, लिफ्टमधला मीटरवाला या कुणाकडेही न जाता तडक हॉस्पिटल गाठायचं. खांदा धरलेल्याने एकदा साखरही तपासून घ्यावी. माझी मी तपासली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण माझ्या हिशेबात एक रक्कम जुळत नव्हती. निघताना आसानांनी मला तीन व्यायाम दिले. भिंतीवर बोटांनी चढायचं, वाकून हात लोंबता सोडायचा, पाठीमागून कापड ओढायचं. मी आठवून पाहिलं. फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेलेच ते, एकही वेगळा नाही. फरक होता तो शेवटच्या वाक्यात. आसान काहीतरी पुटपुटले आणि भाच्याने भाषांतर केलं, "रोज करायचं. नाही केलं तर हात लावल्यावर त्यांना कळतं."

मी तेव्हापासून एकही दिवस चुकवलेला नाही. आसान हजार मैलांवर आहेत, तिथून हात लावणं शक्य नाही, हे मला समजतं. पण वर्मममध्ये 'नोक्कु वर्मम' म्हणून एक प्रकार सांगतात, त्यात नुसत्या नजरेने काम होतं. हा प्रकार खोटा म्हणायची माझी हिंमत नाही, कारण पाहुण्यांसमोर तिसरा लाडू उचलताना तो माझ्यावर लहानपणी अनेकदा झालेला आहे. फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात सगळं शिकवतात, जरब शिकवत नाहीत. त्या बाईंच्या टेबलामागे कोपऱ्यात एक लाठी उभी केली तर निम्मे रुग्ण महिनाभरात बरे होतील.

पथ्य मात्र अवघड निघालं. आंबट बंद. तमिळनाडूत चिंच बंद म्हटल्यावर सांबार गेलं, रसम गेलं, पुळिकोळंबु गेलं. उरला दहीभात, तर दही आंबट म्हणून तोही गेला. साडूंच्या घरी मी भात आणि तूप खात बसलो. साडू समोर वाटीने रसम पीत सांगत होते की या तमिळ वैद्यकाशी आपलं नातं जुनं आहे बरं का. ते खोटं नव्हतं. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल नावाचा आरोग्यविभाग चालवला, निरनिराळ्या पद्धतींच्या वैद्यांकडून औषधं पारखून घेतली आणि दरबारच्या कवींना ती तमिळ पद्यात गुंफायला लावली. 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ती पद्यं सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेली आहेत. एका भोसल्याने एवढं केलं. पण आंबट सोडायला लावणाऱ्या वैद्याशी त्यांनी काय केलं, याचा उल्लेख सापडला तर मला हवा आहे.

गुप्त विद्येचे दिवस तसे संपत आले आहेत. चेन्नईजवळ तांबरमला २००५पासून राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे, सिद्ध वैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, वर्मम तिथे अभ्यासाला आहे. जे मिळवायला पूर्वी गुरूच्या घरची लाकडं फोडावी लागत, ते आता टिपा लिहा या सदरात येत असणार. २०२४च्या डिसेंबरात तर या संस्थेने एकाच वेळी ५६७ जणांवर वर्मम उपचार करून गिनीज बुकात नाव नोंदवलं. ५६७ माणसं आणि तेवढीच बोटं, एकाच क्षणी टेकलेली. त्यातलं एकही माणूस 'त्याचं असं झालं...' म्हणून सुरू झालं नसेल, तर तो दुसरा विक्रम कुणी नोंदवला नाही याचं मला वाईट वाटतं.

परत आल्यावर सोसायटीच्या कट्ट्यावर मी हात वर करून दाखवला. पहिला प्रश्न आला तो, "कुठे दाबलं?" मी म्हटलं, ते सांगायचं नसतं, गुरुमुखातून मिळावं लागतं. एवढ्या एका वाक्याने माझी जी किंमत वाढली ती तीस वर्षांच्या नोकरीत वाढली नव्हती. जोशीकाकू घरून तिळाचं तेल घेऊन आल्या. निवृत्त उपअभियंत्यांनी स्वतःच्याच खांद्यावर चार ठिकाणी दाबून "इथे? की इथे?" असं माझ्या चेहऱ्याकडे पाहत शोधायला सुरुवात केली. मी चेहरा कोरा ठेवला. मग त्यांनी शेजारच्याच्या खांद्यावर शोध सुरू केला, शेजारच्याने त्याच्या शेजारच्याच्या. सात वाजता कट्ट्यावर अख्खी रांग एकमेकांचे खांदे चाचपत बसली होती आणि वॉचमन मागे उभा राहून कुठे दाबायचं ते सगळ्यांना सांगत होता. चेन्नईचा ५६७चा आकडा गाठायला आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, दोन विंग मिळून एकशे साठ भरतील. समोरच्या सोसायटीशी बोलणी करायला हवीत, पण पार्किंगच्या वादावरून त्यांचा आणि आमचा संबंध नाही.